पान नंबर सांगू नका

(दृश्य : डोंबिवली, रविवारची संध्याकाळ. सोसायटीच्या ऑफिसचं कुलूप उघडतं.)

महिन्याचा चौथा रविवार. मेगाब्लॉक असला तर उत्तमच, माणसं घरी सापडतात.

डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीचं हे ऑफिस. कोपऱ्यात कॅरमबोर्ड, भिंतीवर पंपाचा स्विच, शेजारी मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी. पाच वाजता इथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या जातात. आधी रांगेत मांडायचे. मग पुढचे बोलायचे आणि मागचे मोबाइल बघायचे.

२०१७च्या फेब्रुवारीत नव्वदावं साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं. पिशव्या भरून पुस्तकं घरी आली, आणि बरीचशी थेट कपाटात गेली. ती बाहेर काढायची, एवढ्याच हेतूने हा गट जमला.

गट सांभाळतात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांचे नियम दोनच. पुस्तक संपलं नसेल तरी यायचं, फक्त कुठे अडलात ते दाखवायचं. आणि नुसतं "छान आहे" म्हणायचं नाही, जे छान वाटलं ते वाचून दाखवायचं. या दुसऱ्या नियमापायी दोन-तीन जण गळाले. खरं सांगायचं तर ते गळाल्यावरच गप्पांना रंग चढला.

(दृश्य : मांडीवरची पुस्तकं. एकाच नावाची, पण मुखपृष्ठं वेगवेगळी.)

आज लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग छापला गेला १९३४ साली. लेखिकेला जाऊन साठ वर्षं कधीच उलटली, कॉपीराइट संपला, त्यामुळे पुस्तक आता कुणीही छापावं. परिणाम इथे दिसतो. "पान एकशे बारा काढा," असं आजोबा म्हणतात आणि प्रत्येकाच्या एकशे बारावर वेगळंच काहीतरी चाललेलं असतं. दोघांकडे तर संक्षिप्त आवृत्ती. तो प्रसंग त्यांच्या पुस्तकात नाहीच!

"पान नंबर सांगू नका हो," काकू म्हणतात, "काय घडतंय ते सांगा."

आज वाद पेटतो तो पाच वर्षांवरून. पती रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती झाले, १८९५ साली; लक्ष्मीबाई १९०० साली. आजोबांचं म्हणणं, शेवटी पतीच्या मागून गेली ती बाई.

"मागूनच जायचं होतं तर पाच वर्षं कशाला लागली?" समोरच्या विंगमधल्या ताई विचारतात. "सोवळं सुटताना तिला काय काय वाटलं ते वाचा ना!"

आजोबा चष्मा पुसतात. तीन मिनिटं होत आली, की काकू टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आपटतात. बोलणारा कितीही रंगात आलेला असो. किल्ल्या वाजल्या की पुढचा. बाकी चर्चेला दिशा देणं वगैरे त्या करत नाहीत. बोलक्यांना थांबवणं आणि गप्प बसलेल्यांची वाट बघणं, त्यांचं निम्मं काम तेवढंच.

चहा येतो. खर्च वर्गणीतून, महिन्याला वीस रुपये. बिस्किटं ज्याचा वाढदिवस त्याची.

(दृश्य : दाराजवळची खुर्ची. कॉलेजातली एक मुलगी, पुस्तकात लोकलचं जुनं तिकीट खूण म्हणून.)

ही मुलगी तिसऱ्यांदा आली आहे. अजून बोललेली नाही. काकू तिच्याकडे बघतात, पण नाव घेत नाहीत. नाव घेतलं की पोरं पुढच्या वेळी येत नाहीत, हे त्यांना एकदा महागात पडून कळलंय.

सात वाजता वॉचमन येतो. पंप सुरू होतो आणि त्या घरघरीत कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. इथली सभा अशीच संपते, अध्यक्षीय समारोप वगैरे नाही. आजोबा आणि ताई गेटपर्यंत भांडत जातात.

काकू खुर्च्या एकात एक घालतात. मुलगी मदतीला थांबते. शेवटची खुर्ची ठेवताना विचारते,

"काकू, माझी संक्षिप्त आहे. तुमची पूर्ण मिळेल?"

काकू पिशवीतून पुस्तक काढतात. मग आठवण होते म्हणून वहीही काढतात आणि तारीख घालून नाव लिहून घेतात.