भरतीच्या पातळीखालची शेतं

(दृश्य: गोव्यातलं दिवाडी बेट, ओहोटीची वेळ. मानशीच्या लाकडी फळ्या जवळून.)

या दाराला राखणदार लागत नाही. नदी उतरली, की आतल्या पाण्याच्या रेट्यानं फळ्या बाहेर ढकलल्या जातात आणि शेतातलं पाणी वाहून जातं. भरती लागली, की तीच नदी फळ्या चौकटीवर दाबून धरते. दिवसातून दोनदा. मोटार नाही, वीज नाही. ही मानस, बांधातलं पाण्याचं दार.

(दृश्य: वरून दिसणारी शेतं, बांध, पलीकडे नदी.)

मांडवी-जुवारीच्या काठची ही सपाट जमीन म्हणजे खाजन. गोव्यात ती सुमारे 18,000 हेक्टर आहे, आणि मुळात ती खाडीचीच. बांध घालून माणसानं ती मिळवली. आजही बरीच शेतं भरतीच्या पातळीखाली आहेत. त्यामुळे बांध एका जागी फुटला, तरी खारं पाणी शेतांच्या हद्दी बघत नाही. सगळ्यांच्याच शेतात शिरतं. अशा जमिनीवर एकट्यानं शेती करायची सोयच नव्हती. जमीन गावाची, बांधाची डागडुजीही गावाची, असा गावकारीचा कारभार इथं रुजला. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया यानं 1526 साली तिसवाडीतले हे रिवाज लिहून काढले, तेव्हाच ते जुने होते.

(दृश्य: फेरीबोटीच्या धक्क्यावरून गावाकडे जाणारा रस्ता.)

घरं कुठं आहेत ते बघा. सपाटीवर शेतं, वस्ती टेकडीच्या अंगाला. आज जिथं सपाट जागा दिसेल तिथं भराव टाकणाऱ्यांनी हे एकदा नीट बघावं.

(दृश्य: पहिला पाऊस, नांगरलेलं शेत.)

जूनमध्ये इथं पेरणीची घाई नसते. नांगरलेल्या मातीवर आधी पाऊस पडू द्यायचा. मातीतला खार धुऊन मानशीतून बाहेर गेला, की मोड आलेलं बी टाकायचं. भात कोरगुट जातीचं. उंच वाढतं, खार सोसतं. उकड्या कोरगुटाच्या पेजेला तोड नाही, असं जुनी माणसं म्हणतात. वाटीभर पेज आणि खारातली कैरी पुढ्यात आली, की वाद घालावासा वाटत नाही.

भात निघालं, की काही ठिकाणी त्याच पाण्यावर मासे, काही ठिकाणी मिठागरं.

(दृश्य: बांधावर चिखल थापणारे हात, खेकड्याचं बीळ.)

बांधाला चिखल आतलाच, बाहेरून जांभ्या दगडांचा आधार. खेकडे बिळं पाडतात. बीळ वेळेत बुजवलं नाही, तर तिथंच भगदाड पडतं. मांडवीवर खनिज वाहणाऱ्या बार्जी, म्हणजे मोठ्या मालवाहू बोटी, धावू लागल्या, तशा त्यांच्या लाटाही बांधांवर आदळू लागल्या.

(दृश्य: रात्र, मानशीला लावलेलं जाळं.)

1964 च्या कूळ कायद्यानंतर बांध सांभाळायचं काम हळूहळू कुळांच्या संघटनांकडे आलं. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. त्या पैशातून डागडुजी व्हावी, हा हिशेब. पण भातापेक्षा कोळंबीला भाव जास्त. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत हवं, शेतकऱ्याला ते बाहेर हवं, आणि दार दोघांचं एकच. दार उघडं राहिलं, की भात जातं. शेत पडीक राहिलं, की काही वर्षांत तिथं खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. मग मालकानं शेत परत कसायचं ठरवलं, तरी त्या झाडांना हात लावता येत नाही.