पहिली दोन मिनिटं

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘सायकलच्या टाइम ट्रायलची सुरुवात’. टाइम ट्रायल म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध सायकल पळवायची शर्यत. त्याकडे येतोच, पण आधी मला १९८९ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीबद्दल बोलू द्या. ती गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते, आणि त्या अर्ध्या गोष्टीनं नवख्यांचं नुकसान होतं.

सांगतात तो शेवटचा दिवस. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर, प्रत्येकानं एकट्यानं पळायचं. तोवरच्या एकूण वेळेत लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे. ग्रेग लेमंडच्या हँडलबारवर पुढे आलेले दांडे होते. त्यांवर कोपरं टेकून, अंग चोरून तो ताशी ५४.५ किलोमीटरनं गेला आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. तेव्हापासून या दांड्यांची, म्हणजे एरोबारची, जी चर्चा सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण मला विचारतो, ‘बार कोणते घेऊ?’ मला याचं फार वाईट वाटतं. चांगली मेहनती मुलं पैसे साठवत दोन-दोन वर्षं थांबतात. तेवढ्यात आहे त्या सायकलवर वीस शर्यती झाल्या असत्या!

दांड्यांचा फायदा झालाच. पण त्या दिवशी लेमंडनं ‘वाटेत मला वेळा सांगू नका’ असंही बजावलं होतं. फिन्यों कुठे आहे, हे त्याला ऐकायचंच नव्हतं.

आणि त्याच टूरचा पहिला दिवस? लक्झेंबर्ग. आदल्या वर्षीचा विजेता पेद्रो देल्गादो निघायच्या जागी २ मिनिटं ४० सेकंद उशिरा पोचला. तुमची वेळ झाली की घड्याळ सुरू, तुम्ही असा वा नसा. पुढे डोंगरात जीव तोडून तो तिसरा आला, लेमंडच्या ३ मिनिटं ३४ सेकंद मागे. त्यातली २:४० पहिलं पेडल मारण्याआधीच गेली होती. पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय हरवू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

जाता जाता एक सांगतो. एकेकट्यानं पळायची ही रीत रुजली इंग्लंडात. घोळक्यानं केलेल्या शर्यतींवरून पोलीस मागे लागले, म्हणून १८९५ साली बिडलेक नावाच्या गृहस्थांनी स्वारांना अंतरा-अंतरानं सोडलं. पुढे कितीतरी वर्षं ही मंडळी भल्या पहाटे, नखशिखान्त काळे कपडे घालून, मार्ग गुप्त ठेवून पळत. शर्यत आहे हे कुणाला कळूच नये! मला त्या माणसांबद्दल विलक्षण प्रेम वाटतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगतो.

आहे ती सायकल आणा. ब्रेक आणि टायर तपासा. अंतर १६ किंवा २० किलोमीटरचं निवडा. कपडे फडफडणारे नकोत, कोपरं आत, पण नजर रस्त्यावरच. मान खाली घालून पळणं जिवावर बेततं. पुढच्याला गाठलंत तर बाजूनं निघून जा, त्याच्या आडोशाला राहणं नियमाबाहेर आहे.

आता मुख्य मुद्दा. सुटताना पाय ताजे असतात, छाती धडधडत असते, आणि कुठलाही वेग सोपा वाटतो. पण श्वास आणि रक्ताभिसरण त्या कष्टाला पुरे पडायला एक-दोन मिनिटं घेतात. तोवर केलेली उधारी पुढे व्याजासकट फेडावी लागते. हवा तर अजिबात सूट देत नाही: वेग १० टक्के वाढवायचा तर तिला कापायला सुमारे ३३ टक्के जास्त जोर लागतो. म्हणून पहिली दोन मिनिटं ‘फारच हळू जातोय’ असं वाटलं पाहिजे. अर्ध्या वाटेवर बोलणं अशक्य व्हावं, आणि शेवटच्या तीन मिनिटांत शिल्लक ठेवू नये.

वाऱ्याचं एक गणित. जाताना समोरून वारा, वेग २०. येताना पाठीशी, वेग ४०. सरासरी ३० नव्हे, २६.७ येते, कारण जास्त वेळ समोरच्या वाऱ्यातच जातो. तेव्हा थोडा जादा जोर तिथे लावा आणि येताना तेवढा सैल सोडा.

घरी गेल्यावर वहीत तीन गोष्टी लिहा: वेळ, वारा कुठून होता, आणि तिसऱ्या मिनिटाला कसं वाटत होतं. पुढच्या महिन्यात त्याच रस्त्यावर पुन्हा या. आता प्रश्न घेतो. बारबद्दलचे सगळ्यात शेवटी.