ओढा वाहता असेल तेव्हा या

(राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आणि कार्यक्रम अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रांनो,

तुमच्यापैकी बहुतेकांच्या शर्टावर आज तो बिल्ला आहे. त्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं. चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवकानं आठही प्रहर तयार असावं, हे आपण पहिल्याच दिवशी शिकवतो. मला आज प्रहरांबद्दल फारसं सांगायचं नाही. मला महिन्यांबद्दल बोलायचं आहे. डोंगरातल्या गावात आपण कोणत्या महिन्यात जातो, यावर आपली सेवा त्या गावाच्या कामाची ठरते की नाही हे अवलंबून असतं. हे कळायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली.

आमचं पहिलं शिबिर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात होतं. कळसूबाईच्या रांगेच्या पायथ्याशी एक वाडी, चाळीसेक घरांची. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पावसाळ्यात हा भाग इतका भिजतो की घरातल्या भिंतींना ओल येते. घाटघरच्या बाजूला तर पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. आम्ही पन्नास मुलं-मुली जानेवारीत गेलो. कॉलेजची पहिल्या सत्राची परीक्षा संपलेली, स्नेहसंमेलन पुढे, मधला आठवडा रिकामा. तारखा अशा ठरल्या. सगळ्या कॉलेजांच्या तारखा अशाच ठरतात.

कामाचा कार्यक्रम आम्ही शहरातच आखला होता. वनराई बंधारा. मोहन धारियांनी १९८६ साली स्थापन केलेल्या वनराई संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्रभर रुळलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, आत वाळू नाहीतर माती, तोंडं शिवायची, ओढ्यात विटांसारखी सांधेमोड करून रचायची, मधल्या फटींत चिकणमाती ठासायची. स्वस्त काम, पन्नास जणांना हात लावता येतो आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी उभं राहिलेलं दिसतं. चार दिवसांत बंधारा उभा राहिला. पाचव्या दिवशी सरपंचांच्या हस्ते नारळ फुटला, फोटो निघाले. काठावर एक आजी डोक्यावर चुंबळ ठेवून उभी होती. ती म्हणाली, "पोरांनो, लई राबलात. पन पानी तर कव्हाच गेलं. वढा वाहता असंल तव्हा या."

मी खाली पाहिलं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला चिखल होता आणि दोन दगडांमध्ये ओंजळभर पाणी. आम्ही कोरड्या ओढ्यावर बंधारा बांधला होता.

वनराई बंधाऱ्याचं काम असं आहे की पाऊस संपल्यावर ओढ्याला जो बारीक प्रवाह उरतो तो अडवायचा. हा प्रवाह ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो. सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा. वर मातीचा आणि मुरमाचा पातळ थर, खाली कातळ. पाणी त्या पातळ थरात मुरतं, कातळावर आपटून आडवं सरकतं आणि कुठंतरी झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. उतार एवढा की ते थांबत नाही. म्हणून ज्या वाडीत जुलैमध्ये चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, त्याच वाडीत एप्रिलमध्ये बायका रात्री तीनला उठून झिऱ्यावर, म्हणजे पाणी पाझरतं त्या खड्ड्यावर, नंबर लावतात. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी कालव्यांनी खाली श्रीरामपूर, राहात्याकडच्या शेतापर्यंत पोचतं. धरणाच्या डोक्यावरच्या वाड्या मात्र हंडा घेऊन कडा उतरतात. हे चित्र तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहा, मग पाण्यावरची पथनाट्यं बसवा.

त्याच शिबिरातली दुसरी गोष्ट सांगतो. आमचा मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. ओसरीच्या टोकाला दोनशे लिटरचा निळा ड्रम. सकाळी उठावं तर ड्रम काठोकाठ भरलेला. आंघोळी, तोंडं धुणं, पन्नास ताटं घासणं, सगळं त्यावर. तिसऱ्या दिवशी आमच्यातली एक मुलगी पहाटे बाहेर गेली आणि धावत परत आली. अंधारात वाडीतल्या पाच-सहा बायका रांगेनं येऊन ड्रममध्ये हंडे ओतत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. पाहुणे आलेत, पाणी द्यायचं, एवढंच. आम्ही ज्यांच्या सेवेला गेलो होतो त्यांच्या रात्रीच्या झोपेवर आम्ही आंघोळ करत होतो. त्या सकाळी मुलांनी आपणहून ठरवलं की उरलेले दिवस आंघोळ नाही, आणि पाणी आपण आणायचं. पहिला हंडा चढावरून आणताना एक धिप्पाड पोरगा तीनदा बसला. त्याला त्या दिवशी जे कळलं ते आमच्या कुठल्याही बौद्धिकात कळलं नसतं.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ती सुरू केली, सुमारे ४०,००० विद्यार्थी घेऊन. आपल्याकडे त्याच्याही आधी ही वाट होती. गाडगेबाबा गावात शिरायचे ते हातात खराटा घेऊनच. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीही भर उन्हाळ्यात, मे महिन्यात. गाडगेबाबांच्या क्रमाकडे लक्ष द्या. आधी झाडणं, मग बोलणं. आपण उलटं करतो. पहिल्याच संध्याकाळी स्वच्छतेवर पथनाट्य करतो, संडास वापरा म्हणून सांगतो, आणि समोर बसलेली बाई मनात म्हणत असते की पाणी कुठनं आणू.

आता तुम्ही म्हणाल, मग शिबिर नोव्हेंबरात न्या. तिथंही अडचण आहे, आणि ती नीट समजून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भातकापणी. ओढा वाहता असतो तेव्हाच गावातला एकूण एक माणूस वावरात असतो. कापणी, पेंढ्या बांधणं, खळ्यावर आणणं, झोडणी. त्यातच अवकाळी पावसाची धास्ती. बंधारा घालायचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, हात मोकळे नसतात. आणि हात मोकळे होतात तेव्हा पाणी गेलेलं असतं. माणसंही गेलेली असतात, नारायणगाव-आळेफाट्याकडे मजुरीला. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा वाडीत म्हातारी माणसं आणि लहान मुलंच जास्त का दिसतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

म्हणजे गावाला आपले हात कधी हवे आहेत? दिवाळीच्या सुट्टीत. नेमके तेव्हाच आपण घरी फराळ करत असतो.

आम्ही यातून वाट काढली ती तासांच्या हिशोबातून. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं, दोन वर्षांत २४०. सात दिवसांचं विशेष शिबिर हा वेगळा भाग. आपण हे १२० तास कॉलेजच्या आवारात झाडांना आळी करण्यात आणि फेऱ्या काढण्यात घालवतो. आम्ही ठरवलं की यातले काही तास त्याच वाडीला द्यायचे. भाऊबीज झाली की दोन दिवस, वीसच मुलं, एसटीनं. ग्रामसभेला आधी विचारून. अकोले तालुक्याचा हा भाग अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्रात येतो आणि १९९६ च्या पेसा कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला गावच्या साधनसंपत्तीबाबत अधिकार दिले आहेत. त्या अधिकाराचा मान राखायचा तर प्राचार्यांचं पत्र सरपंचाच्या हातात देऊन भागत नाही, सभेत जाऊन बसावं लागतं. आम्ही बसलो. पहिल्यांदा बंधाऱ्याची जागाच बदलली गेली. आम्ही निवडलेल्या जागी तळाला भेग होती आणि पाणी खालून निघून जायचं, हे गुराख्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी बंधारा रचला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं आणि थंड. गोणी पाण्यात बसवली की ती आधी हलते, मग दोन्ही बाजूंनी मातीचे गोळे दाबले की हळूहळू गच्च होते. दुपारपर्यंत वरच्या अंगाला गुडघ्याएवढं पाणी साठलं. मुलं गप्प होऊन बघत राहिली. कुणी फोटोची आठवण काढली नाही.

जानेवारीचं शिबिर आम्ही बंद केलं नाही. त्या महिन्यात जे होतं ते करायला लागलो. वरच्या माळावर सलग समतल चर. त्यासाठी ए-फ्रेम लागते. बांबूचे दोन पाय, मध्ये आडवी काठी, वरून सुतळीला बांधलेला दगड. सुतळी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एका पातळीत. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, दगड थांबेपर्यंत श्वास धरायचा, चुन्याची खूण करायची. दोन फूट रुंद, फूटभर खोल चर, डोंगराच्या कमरेला पट्ट्यासारखे. एक रेघ जराशी उतरती झाली तरी पावसाळ्यात सगळं पाणी त्या टोकाला धावतं आणि बांध फोडतं. गणितात नापास झालेली पोरंसुद्धा ते काम डोळ्यांत तेल घालून करत होती.

बौद्धिकाबद्दल एवढंच सांगतो. याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे राहतात. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणं जपलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या तालुक्यात आम्ही शहरातून प्राध्यापक नेऊन शेतीवर व्याख्यानं ठेवत होतो. नंतर संध्याकाळी वाडीतलीच माणसं बोलायला लागली. काळभात कुठल्या वावरात घालायचा, रोपांसाठीचा राब कधी भाजायचा, वरई डोंगरउतारावरच का येते. मुलं वहीत लिहून घ्यायची.

आरोग्य तपासणीचंही तेच. एका दिवसात शंभर जणांचा रक्तदाब मोजून कागद हातात दिले होते आम्ही. गोळी पुढच्या महिन्यात कोण देणार होतं? आता तपासलेल्यांची यादी आम्ही त्याच दिवशी आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेच्या, हातात देतो, आणि पुढच्या फेरीला पहिली चौकशी त्या यादीचीच करतो.

आणि मे महिन्यात एकदा जा. पाच जण गेलात तरी पुरे. उन्हानं गोण्या फाटतात, त्यांचे तुकडे ओढ्यात पसरतात, गुरं ते खातात. आपण टाकलेलं प्लास्टिक आपणच गोळा करायचं. झिऱ्यातला गाळही तेव्हाच काढता येतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ती आजी झिऱ्यात उतरून बसली होती. वाटीनं पाणी हंड्यात घेत होती. वाटी बुडवायची नाही, टेकवायची, नाहीतर गाळ ढवळतो. चार वाट्या झाल्या की थांबायचं, पाणी पाझरून परत जमेपर्यंत. एक हंडा भरायला पाऊण तास गेला. आमच्यातल्या एकीनं वाटी मागून घेतली आणि तिला ते जमलं नाही; पाणी गढूळ झालं. आजीनं न रागावता तिचा हात धरला आणि वाटी किती तिरकी धरायची ते दाखवलं.

दिवाळी अजून दोन महिन्यांवर आहे. तुमच्या कॉलेजच्या आसपास जिथं जिथं बांधकाम चालू असेल तिथल्या मुकादमाला उद्यापासून भेटायला लागा. लहानशा ओढ्यालाही चार-पाचशे गोण्या लागतात आणि त्या एका दिवसात मिळत नाहीत. फाटक्या बाजूला काढा, धुऊन घ्या, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधा. सुतळी आणि दाभणं आठवणीनं बरोबर न्या, आणि प्रत्येकाची पाण्याची बाटली घरूनच भरलेली असू द्या.