मुलांचं पुणं, पायी

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'आपण वाढलो त्याच शहरात मूल वाढवताना'. समोर बसलेल्या बहुतेकांनी हे केलेलं आहे, आणि काही आजी-आजोबा नातवंडांबरोबर दुसऱ्यांदा करतायत. त्यामुळे पर्वती, सारसबाग, तळ्यातला गणपती हे मी समजावून सांगत बसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याच गावात मूल वाढवताना आपण त्याला आपलं लहानपण दाखवत हिंडतो. त्याला त्याचं स्वतःचं गाव मिळायचं असेल, तर ते पायी आणि कुणाचा हात न धरता फिरता आलं पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाला आज पुण्यात ते जमत नाही. ते का जमत नाही आणि काय केलं तर जमेल, हे मला सांगायचंय.

आता 'इथे पूर्वी' हे दोन शब्द बघा. माझ्या लेकीने ते अक्षरशः हजारो वेळा ऐकलेत. इथे पूर्वी वाडा होता, इथे पूर्वी आम्ही सायकली लावायचो, पेशवे पार्कात पूर्वी वाघ होता, आता प्राणी कात्रजला गेले. तिथली फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी, १९५६ साली सुरू झाली. माझी आई तीत बसली, मी बसले, लेकही बसली. माझ्या आईने तर तिला नारायण पेठेत नेऊन १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटल्यावर पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवलं. लेकीने त्याच जागी हात नेऊन बघितला, टाचा उंच करूनही पोचला नाही. हे सगळं तिला मिळायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण तिचं पुणं वेगळं आहे, आणि ते मला तिच्याकडूनच कळलं. वनाजपासून मेट्रोची स्टेशनं ती एका दमात म्हणते: आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन. डेक्कन म्हटलं की मला गुडलक कॅफेचा बनमस्का आठवतो. तिच्यासाठी ते नदीकाठचं स्टेशन आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडाला का, हे ती तिथून वाकून बघते. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका दुपारी किती वाजता डबा उघडतात, कुठलं कुत्रं कुठल्या गाडीखाली झोपतं, हे तिला ठाऊक आहे, मला नाही. पण ही तिची हद्द सोसायटीच्या गल्लीपाशी संपते, कारण गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे.

त्या रस्त्याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण माझा खरा राग तिथेच आहे. पलीकडे तिची मैत्रीण राहते. तिच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे आमच्या गॅलरीतून दिसतात. या रस्त्यावर झेब्रा पट्टे होते. मग ड्रेनेजच्या लाइनसाठी रस्ता उकरला, पुन्हा डांबर पडलं, पट्टे काही परत आले नाहीत. आम्ही काही पालक अर्ज घेऊन गेलो. एका कार्यालयाने सांगितलं, पट्टे आमच्याकडे येत नाहीत, तिकडे जा. 'तिकडे' गेलो तर म्हणाले, आम्ही फक्त शिफारस करतो, रंग तेच मारतात. पहिल्या ठिकाणी पुन्हा गेलो, तर आधीचे साहेब बदलून गेलेले. नव्या बाईंनी मात्र मनापासून ऐकून घेतलं, अर्जावर शिक्का मारून पोच दिली, आणि एका सकाळी खरंच पट्टे आले. पांढरेशुभ्र, ठसठशीत. लेकीला घेऊन मी मुद्दाम खाली उतरले. आम्ही पट्ट्यांवरून चालत निघालो आणि मध्यावर थांबलो. पट्टे थेट दुभाजकाच्या लोखंडी जाळीला जाऊन भिडले होते. जाळीच्या पलीकडे पुन्हा पट्टे सुरू! मधे फट नाही. पट्टे मारणारे वेगळे, दुभाजकवाले वेगळे, आणि त्या रस्त्यावरून चालत कुणीच बघितलं नाही.

तुम्ही हसताय. मीही दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर हसले असते. पण त्या जाळीपाशी दोन्ही बाजूंनी गाड्या जात असताना लेकीने माझं मनगट असं घट्ट धरलं, की बोटांचे वळ उठले. मैत्रिणीकडे ती अजून स्कूटरवर मागे बसून जाते. समोरच्या इमारतीत जायला पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून यायचं! आपण या वयात एकटे ग्रंथालयात जायचो, आजीची औषधं आणायचो, पीएमटीच्या बसने क्लासला जायचो. रस्ता पाठ असलेलं मूल वागायला-बोलायलाही वेगळं असतं हो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मग जे सांगायला आले होते ते भराभर सांगते. नियम नाहीत असं नाही. महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण केलं, त्यात चालणाऱ्याचा विचार आधी केलाय. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, तिथे मुलं बाकांवर, खेळण्यांवर बसलेली दिसतात. २०२१पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवतात, त्या दिवशी मुलं रस्त्याच्या मधोमध चालतात. म्हणजे जमतं. पण ते मोठ्या रस्त्यापुरतं, एका दिवसापुरतं. मुलाला लागतो घर ते शाळा, घर ते मैदान, घर ते बसस्टॉप एवढाच तुकडा, आणि तो सलग लागतो. पदपथ शंभर पावलं चांगला आणि पुढे दुचाकी लावलेल्या, म्हणजे मूल रस्त्यावर उतरणारच.

दुसरं, बस. दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने बसमध्ये बसवायचं तर ती वेळेवर यावी लागते आणि स्टॉपवर थांबावी लागते, चार पावलं पुढे नाही.

तिसरं, आपण. शाळेच्या दारापर्यंत गाडी नेणारे आपणच तिथली गर्दी करतो. कोपऱ्यावर उतरवा, उरलेलं त्यांना चालू द्या. दुकानदारांना, रिक्षावाल्या काकांना सांगून ठेवा. आपल्या वेळी गल्लीतले सगळे काका नजर ठेवून असायचे, ते काम आता आपलं आहे.

आणि शेवटचं, हे लिहून घ्या. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी महापालिका नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवते. २००६पासून ही पद्धत आहे. पदपथ, दिवे, बसस्टॉप, बाकं असली कामं त्यात सुचवता येतात. अर्ज भरण्याआधी मुलाला बरोबर घ्या, घरापासून शाळेपर्यंत चालत जा आणि कुठे थांबावं लागलं ते त्यालाच लिहू द्या. आमच्या अर्जात दुभाजकातली फट लेकीने लिहिली आहे, चित्रासकट. नमुना मी आणलाय, बाहेर टेबलावर ठेवते.