निळ्या चकतीच्या आत काय असतं?

पॉवर सप्लायच्या बोर्डवर फ्यूजच्या शेजारी ही निळी चकती दिसतेय ना, दोन पायांची, बरेच जण हिला कपॅसिटर समजतात. कपॅसिटर नाही, हा व्हॅरिस्टर, म्हणजे व्होल्टेज अचानक उसळलं की मागचं सर्किट वाचवणारा भाग. पूर्ण नाव मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, रिपेअरवाले सरळ एमओव्ही म्हणतात. वर छापलंय १४डी४७१के. १४ म्हणजे मिलिमीटरमधला व्यास, ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट, साधारण इतक्या व्होल्टेजला चकती करंट सोडायला लागते, आणि के म्हणजे १० टक्के इकडेतिकडे. आता २३० च्या लाइनला ४७० कशाला? तर २३० व्होल्टच्या एसीचं टोक ३२५ पर्यंत जातं, त्यावर थोडी जागा सोडली नाही तर चकती रोजच्याच व्होल्टेजला तापत बसेल.

आत असतो झिंक ऑक्साइड, म्हणजे सनस्क्रीनमधली तीच पांढरी पावडर, त्यात बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीजचे ऑक्साइड थोडेथोडे मिसळून, दाबून, हजार डिग्रीच्या वर भाजतात. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर नुसते एकमेकांना चिकटलेले बारीक कण. गंमत अशी की कणातून करंट आरामात जातो, त्याला अडवते ती दोन कणांमधली सीमा, आणि एक सीमा साधारण ३ व्होल्टच पेलते. म्हणजे ४७० व्होल्टला एका बाजूकडून दुसरीकडे जाताना दीडशेच्या आसपास सीमा लागतात. चकती जाड केली की व्होल्टेज वाढतं, रुंद केली की जास्त करंट झेपतो, बस. १९६० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत हे मटेरियल तयार झालं, त्याआधी सिलिकॉन कार्बाइड वापरायचे, पण त्यातून एरवीही बराच करंट गळायचा.

सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका, आला की नॅनोसेकंदांत सगळ्या सीमा एकदम वाट मोकळी करतात, हजारो अँपिअर काही मायक्रोसेकंद चकतीतूनच परत फिरतात आणि मागचं सर्किट वाचतं. यूएसबी, एचडीएमआयच्या पिनवर मात्र ही चालत नाही, हिची कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता) इतकी जास्त की सिग्नलच खराब होतो, तिथे टीव्हीएस डायोड (असेच झटके झेलणारा डायोड) नाहीतर खास पॉलिमर लावतात.

आणि हो, ही चकती कायमची नसते. मोठा झटका खाल्ला की काही सीमा बिघडतात, लीकेज (एरवी गळणारा करंट) वाढतं, त्याने ती तापते, तापली की लीकेज अजून वाढतं, असं करत पेटूही शकते, म्हणून चांगल्या बोर्डवर हिला खेटून थर्मल फ्यूज, म्हणजे तापल्यावर लाइन तोडणारा फ्यूज, असतो. मल्टिमीटर लावून काही कळत नाही, मीटरच्या एवढ्याशा व्होल्टेजला अर्धमेली चकतीपण ओपनच, म्हणजे करंट जातच नाही असं, दाखवते. खरी टेस्ट म्हणजे १ मिलिअँपिअर डीसी सोडायचा आणि व्होल्टेज मोजायचं, मूळ रीडिंगपेक्षा १० टक्क्यांहून जास्त सरकलं असेल तर चकती बदलायची.