उजेड धरणारे : मावम्लूच्या गुहेतला एक दिवस

(दृश्य : सोह्राचं पठार. पिवळं पडलेलं गवत, कोरडा ओढा.)

हे मेघालयातलं सोह्रा. म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत इथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो विक्रम आजही अबाधित आहे. आणि फेब्रुवारीत? ओढे आटलेले, पाण्यासाठी पायपीट. पडलेलं पाणी पठारावर थांबतच नाही. बरंचसं दऱ्यांतून थेट बांगलादेशाच्या मैदानात उतरतं, काही खालच्या चुनखडीत शिरतं. ते शिरलं त्याच वाटेने आज आम्हाला आत जायचं आहे.

आम्ही पाच जण, पुण्याचे. सह्याद्रीत भटकून पाय तयार झालेले. पण आमच्या ओळखीच्या गुहा म्हणजे लेणी, बेसॉल्टमध्ये छिन्नीने कोरलेली. इथला कारागीर पाऊस आहे. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि फटीफटीतून चुनखडी विरघळवत नेतं. बेसॉल्ट असा विरघळत नाही, म्हणून घराजवळ आम्हाला हे पाहायला मिळत नाही.

(दृश्य : गुहेचं तोंड. हेल्मेट चढवणारे हात, पिवळी जलरोधक पेटी.)

क्रेम मावम्लू. 'क्रेम' म्हणजे खासी भाषेत गुहा. लांबी सुमारे सात किलोमीटर. प्रत्येकाच्या हेल्मेटवर एक दिवा, शिवाय जवळ आणखी दोन. कधी परतणार ते मुक्कामाच्या घरी सांगून ठेवलेलं. आमचे वाटाडे खासी गृहस्थ आहेत. इथल्या रीतीप्रमाणे आम्हीही त्यांना 'बाह' म्हणतो. ते आधी आभाळ बघतात, मग आमच्याकडे. या गुहेतून नदी वाहते. पावसाळ्यात इथे यायचा विषयच नाही.

आत पाणी कधी घोट्याला, कधी कमरेला. एका जागी छत इतकं खाली येतं की हेल्मेट घासत, गुडघ्यांवर सरकावं लागतं. सगळ्यात आधी पुढे जाते ती कॅमेऱ्याची पेटी, मग माणसं. आतली हवा बाहेरच्यापेक्षा ऊबदार आणि ओलीचिंब, त्यामुळे थंड कॅमेरा पेटीबाहेर काढला की काच लगेच धुरकटते. थांबायचं. काच पुसायची. पुन्हा थांबायचं. छायाचित्रणाचा निम्मा वेळ यातच जातो, हे कुणी आधी सांगत नाही.

(दृश्य : पूर्ण काळा पडदा. फक्त पाण्याचा आवाज.)

आता सगळे दिवे बंद. डोळे सरावतील असं वाटतं. सरावत नाहीत, कारण सरावायला कणभरही उजेड नाही.

गुहेत फोटो काढण्याची सगळी युक्ती या अंधारावर उभी आहे. बाहेर शटर दोन मिनिटं उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होईल. इथे ते उघडं राहिलं तरी कॅमेऱ्यात काहीच उतरत नाही. मग एकेक जण आपापल्या जागेवरून फ्लॅश उडवतो, आणि जेवढं उजळलं तेवढंच चित्रात येतं. शटर बंद झालं की दिवे पुन्हा चालू. कुणाचा हेल्मेटचा दिवा मध्येच चुकून लागला, तर फोटोभर उजेडाचा ओरखडा.

जमिनीखालचं छायाचित्रण जुनं आहे. १८६१ च्या सुमारास पॅरिसच्या अस्थिभुयारांत नादार या छायाचित्रकाराने विजेचे दिवे नेले. एकेका फोटोला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. तेवढा वेळ जिवंत माणूस कसा स्थिर राहणार? म्हणून त्याने कामगारांच्या जागी पुतळे उभे केले. पुढे १८६६ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत चार्ल्स वाल्डॅकने मॅग्नेशियम जाळून मॅमथ केव्हचे फोटो काढले.

आमच्याकडे पुतळे नाहीत. मित्र आहेत, आणि ते बोलतात.

"हलू नकोस रे!"

"पाय बधिर झालेत. आटप लवकर!"

(दृश्य : लांब दालन. पाण्यात एकामागे एक उभ्या आकृत्या.)

पहिला प्रयत्न कॅमेऱ्यावरच्याच फ्लॅशने. भिंती सपाट दिसतात, खोली नाहीशी होते, आणि आमच्याच श्वासाची वाफ पांढरे ठिपके होऊन समोर तरंगते. गुहेत उजेड कधीच कॅमेऱ्याजवळून येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तो मागून यावा, बाजूने यावा.

म्हणून एक मित्र वळणापलीकडे जातो, दिसणारच नाही असा. दुसरी खांबाआड बसते. तिसरा पाण्याच्या मधोमध, लाल जॅकेट घालून, पाठीमागे फ्लॅश लपवून. त्याच्याशिवाय हे दालन दहा फूट उंच आहे की चाळीस, हे बघणाऱ्याला कळणार नाही. चौथा माझ्या डावीकडे, भिंतीलगत. श्वास सोडा, वाफ विरू द्या, आता घेऊ नका. एक. दोन. तीन. चार.

पडद्यावर फोटो उमटतो. आता भिंतीवर पाण्याने कोरलेली प्रत्येक वळी दिसते. मी फक्त शटर उघडलं होतं. दालन उजळलं ते त्या चौघांनी, आणि त्यांच्यातल्या कुणाला आपण काय उजळतोय हे दिसत नव्हतं.

(दृश्य : जमिनीतून वर आलेला लवणस्तंभ. थेंब पडतो.)

पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की विरघळलेला चुना थराथराने मागे राहतो. असे वाढलेले खांब म्हणजे पावसाची नोंदवही. याच गुहेतल्या एका लवणस्तंभाच्या थरांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पावसाळा एकाएकी दुबळा झाल्याचं वाचता आलं. २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या सर्वांत अलीकडच्या कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं, ते या दगडावरून. त्याआधीच्या दोन कालखंडांच्या खुणा ग्रीनलंडच्या बर्फात आहेत. त्या दुष्काळाने इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधूखोरं नेमकं किती हादरलं, यावर अभ्यासकांचं भांडण अजून चालू आहे.

म्हणून हात लावायचा नाही. बोटाचा तेलकटपणा चढला की त्या जागी थर धरत नाही. ट्रायपॉडचे पाय मळलेल्या वाटेवरच. वटवाघळं दिसली तर फ्लॅश नाही, फोटो गेला तरी चालेल. आमच्यातल्या एकाला हे पटायला जरा वेळ लागला. शेवटी बाहनी त्याच्या हातातला फ्लॅश शांतपणे काढून घेतला आणि पुढे चालू लागले.

(दृश्य : संध्याकाळ. चहाचे कप, लॅपटॉपभोवती चिखलाने माखलेले पाच जण.)

बहुतेक फोटो बाद. एकात मित्राच्या कानामागून फ्लॅश डोकावतोय, एकात कुणीतरी दोन वेळा उडवलाय. लांब दालनाचा तेवढा ठेवला. खाली छायाचित्रकाराचं नाव टाकायची वेळ आली, तेव्हा खांबाआड बसलेल्या मैत्रिणीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि पाचही नावं टाकली. माझं शेवटी. मी अक्षरक्रम लाव म्हणालो. तिने लावला नाही.