कनेक्शन बदलताय? आधी ईमेल बघा

नमस्कार मंडळी! घर बदललं की गॅस, वीज, आधार, सगळीकडे पत्ता बदलतो आपण. ईमेलचा पत्ता मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याही आला नव्हता.

कोथरूडहून सिंहगड रोडला आलो, जुनं इंटरनेट बंद केलं, फायबर घेतलं. महिन्याभराने बाबा म्युच्युअल फंडाच्या साइटवर पासवर्ड बदलायला बसले. स्क्रीनवर आलं, ‘लिंक तुमच्या ईमेलवर पाठवली आहे.’ तो ईमेल जुन्या इंटरनेट कंपनीने दिलेला. कनेक्शनबरोबर तोही गेलेला! बहात्तर वर्षांच्या माणसाला पॅन कार्ड घेऊन दोनदा शिवाजीनगरला हेलपाटे घालावे लागले. मला फार वाईट वाटलं, म्हणून आजचा हा विषय.

कंपनीच्या ईमेलमध्ये ‘अ‍ॅट’च्या पुढे कंपनीचं नाव असतं. कंपनी बदलली तरी मोबाईल नंबर तोच ठेवायची (पोर्ट करायची) सोय २०११पासून देशभर आहे, ईमेलला ती नाही. जीमेल, आउटलुक, याहू मात्र कुठल्याही कनेक्शनवर चालतात.

बाबांची चूक नव्हती हो. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ईमेल कनेक्शनबरोबरच यायचा. १९९६मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल आणलं, ब्राउझरमध्ये उघडणारं आणि फुकट. पण ज्यांची सवय जुनी, त्यांचा पत्ताही जुनाच राहिला.

फुकटच्या खात्यालाही सांभाळावं लागतं. जीमेलची १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते. ती भरली की मेल येणं थांबतं. दोन वर्षं खातं वापरलंच नाही, तर गूगल ते काढून टाकू शकतं. आणि पासवर्ड विसरलात, तर दाद मागायला काउंटर नाही. त्यामुळे रिकव्हरीचा मोबाईल नंबर चालू असलेलाच ठेवा.

बदल करायचाय? जुनं कनेक्शन दोन महिने चालू ठेवा. आधी बँक, इन्कम टॅक्स, पीएफ, विमा इथे नवा ईमेल द्या, मग नातेवाईक. जुन्या मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. बाबांना ती सवय होती, म्हणून ताईने लग्नानंतर पाठवलेली पत्रं तरी वाचली.

त्याच जुन्या मेल चाळून आम्ही यादी केली, कोणाकोणाला नवा पत्ता कळवायचा. सतरा नावं निघाली. तुमचीही काढा, आज रात्रीच.